भारतीय स्पर्धा आयोग

भारतीय स्पर्धा आयोग ही भारतातील बाजारपेठांमध्ये निकोप स्पर्धा राखण्याची जबाबदारी असलेली वैधानिक नियामक संस्था आहे. स्पर्धा अधिनियम, २००२ अन्वये तिची स्थापना १४ ऑक्टोबर २००३ रोजी झाली. तिच्या अंमलबजावणीच्या अधिकारांना मात्र २० मे २००९ रोजी प्रत्यक्ष सुरुवात झाली. आयोग केंद्र सरकारच्या कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो आणि त्याचे मुख्यालय नवी दिल्ली येथे आहे. व्यापाऱ्यांमधील संगनमत रोखणे, वर्चस्व असलेल्या उद्योगांकडून त्या वर्चस्वाचा होणारा गैरवापर थांबवणे आणि मोठ्या कंपन्यांच्या विलीनीकरणांची आगाऊ छाननी करणे ही त्याची तीन प्रमुख कामे होत. आयोग वस्तूंच्या किमती ठरवत नाही. किमती ज्या स्पर्धेतून ठरायला हव्यात ती स्पर्धा खरी आहे की नुसता देखावा आहे, एवढेच तो पाहतो.

पार्श्वभूमी

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ मध्ये संपत्तीचे व उत्पादन साधनांचे केंद्रीकरण सर्वसामान्यांच्या हिताला बाधक ठरू नये, असे मार्गदर्शक तत्त्व नमूद आहे. परवाना पद्धतीच्या काळात हे केंद्रीकरण घटण्याऐवजी वाढत असल्याचे सरकारी समित्यांना आढळू लागले. के. सी. दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील मक्तेदारी चौकशी आयोगाने १९६५ मध्ये अहवाल दिला. त्यातून मक्तेदारी व निर्बंधक व्यापार प्रथा अधिनियम, १९६९ हा कायदा झाला आणि जून १९७० पासून तो लागू झाला.

त्या कायद्याचा रोख आकारावर होता. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक मालमत्ता असलेल्या उद्योगसमूहाला विस्तारासाठी वा नव्या कारखान्यासाठी सरकारची परवानगी घ्यावी लागे. यातला विरोधाभास असा की, परवान्यांमुळे नवे स्पर्धक बाजारात येऊ शकत नव्हते आणि ज्यांच्याकडे आधीपासून परवाने होते त्यांचे स्थान आपोआप सुरक्षित राहत होते. १९८४ च्या दुरुस्तीने अनुचित व्यापार प्रथांचा विषय कायद्यात आला. १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर विस्तार व विलीनीकरणासाठीच्या पूर्वपरवानगीची तरतूद वगळण्यात आली. त्यानंतर हा कायदा बराचसा निष्प्रभ झाला, कारण 'कार्टेल' म्हणजे संगनमती गट या संकल्पनेची स्पष्ट व्याख्या त्यात नव्हती आणि मोठा दंड करण्याचे अधिकारही नव्हते.

ऑक्टोबर १९९९ मध्ये एस. व्ही. एस. राघवन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. तिने २००० मध्ये जुना कायदा रद्द करून नवा स्पर्धा कायदा करण्याची शिफारस केली. मोठे असणे हा दोष नाही, मोठेपणाचा गैरवापर हा दोष आहे, हा नव्या कायद्याचा पाया ठरला.

स्थापना आणि रखडलेली सुरुवात

स्पर्धा विधेयक डिसेंबर २००२ मध्ये संसदेत संमत झाले आणि १३ जानेवारी २००३ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. आयोग स्थापन होताच त्याच्या स्वरूपालाच न्यायालयात आव्हान देण्यात आले. आयोग न्यायदानाचे काम करणार असेल तर त्याचे प्रमुखपद प्रशासकीय अधिकाऱ्याकडे कसे, असा 'ब्रह्म दत्त विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणातील प्रश्न होता. कायद्यात दुरुस्ती करण्याचे आश्वासन सरकारने दिल्यावर सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २००५ रोजी ही याचिका निकाली काढली. २००७ च्या दुरुस्तीने आयोगाला तज्ज्ञ नियामकाचे रूप देण्यात आले आणि त्याच्या निर्णयांवरील अपिलांसाठी स्वतंत्र स्पर्धा अपील न्यायाधिकरण निर्माण करण्यात आले. मधल्या सुमारे साडेपाच वर्षांत आयोगाकडे अभ्यास व जनजागृती याखेरीज फारसे काम नव्हते.

करार व वर्चस्वासंबंधीची कलमे २० मे २००९ रोजी लागू झाली, जुना कायदा १ सप्टेंबर २००९ रोजी रद्द झाला आणि विलीनीकरणांची छाननी १ जून २०११ पासून सुरू झाली. २०१७ मध्ये स्पर्धा अपील न्यायाधिकरण बंद करून त्याचे काम राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाकडे सोपवण्यात आले.

रचना

आयोगात एक अध्यक्ष आणि किमान दोन व कमाल सहा सदस्य असू शकतात. २०१८ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही संख्या अध्यक्ष व तीन सदस्य इतकी मर्यादित केली. धनेंद्र कुमार, अशोक चावला, देवेंद्र कुमार सिक्री आणि अशोक कुमार गुप्ता यांनी अध्यक्षपद भूषवले आहे. मे २०२३ मध्ये रवनीत कौर यांची या पदावर नियुक्ती झाली. चौकशीचे काम महासंचालक या स्वतंत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयाकडे असते, म्हणजे तपास करणारा आणि निर्णय देणारा एकच नसतो.

बैठकीसाठी तीन जणांची गणपूर्ती आवश्यक आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये अध्यक्ष निवृत्त झाल्यावर ही संख्या भरेना आणि कामकाज थांबले. कंपन्यांचे विलीनीकरणाचे प्रस्ताव अडकून पडल्याने अखेर २०२३ च्या आरंभी 'अपरिहार्यतेच्या तत्त्वा'चा आधार घेऊन उरलेल्या सदस्यांनी मंजुरी देण्यास सुरुवात केली.

कायद्याचा गाभा

कलम ३ स्पर्धाविरोधी करारांना मनाई करते. समान पातळीवरील स्पर्धकांनी मिळून किंमत ठरवणे, उत्पादन किंवा पुरवठा मर्यादित करणे, प्रदेश वा ग्राहक आपसांत वाटून घेणे आणि निविदांमध्ये संगनमत करणे, ज्याला ठेकेदारांच्या बोलीत 'रिंग करणे' म्हणतात, या चार बाबतींत स्पर्धेवर प्रतिकूल परिणाम झाला असेच गृहीत धरले जाते. तसे झाले नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप असलेल्यांवर येते. उत्पादक व विक्रेता अशा वेगवेगळ्या पातळ्यांवरील करारांना हे गृहीतक लागू नाही. तेथे प्रत्यक्ष परिणाम तपासावा लागतो. करार लेखी असण्याची गरज नसते. संगनमत करणारे सहसा कागद मागे ठेवत नाहीत, त्यामुळे परिस्थितीजन्य पुराव्याला येथे मोठे महत्त्व असते. एकाच संगणकावरून भरलेल्या निविदा, लागोपाठच्या क्रमांकांचे धनाकर्ष, दोन प्रतिस्पर्ध्यांच्या कागदपत्रांतील एकसारख्या चुका असे तपशील त्यात येतात.

कलम ४ वर्चस्वाच्या गैरवापराविषयी आहे. वर्चस्व ठरवण्यापूर्वी आयोगाला 'संबंधित बाजारपेठ' निश्चित करावी लागते: कोणती वस्तू किंवा सेवा ग्राहकाच्या दृष्टीने दुसऱ्या कोणत्या वस्तूला पर्याय ठरते आणि कोणत्या भौगोलिक क्षेत्रात. अनेक खटल्यांचा निकाल खरे तर याच टप्प्यावर लागतो. बाजारपेठ रुंद आखली की कोणीच बलाढ्य दिसत नाही आणि अरुंद आखली की किरकोळ विक्रेताही मक्तेदार ठरू शकतो. बाजारातील हिस्सा किती टक्के असला की वर्चस्व मानावे, असा आकडा कायद्यात मुद्दामच दिलेला नाही.

कलम ५ व ६ विलीनीकरण व संपादनांविषयी आहेत. ठरावीक मालमत्ता वा उलाढालीपेक्षा मोठा व्यवहार आयोगाच्या मंजुरीशिवाय पूर्ण करता येत नाही. सन फार्मा व रॅनबॅक्सी यांच्या विलीनीकरणाला आयोगाने ५ डिसेंबर २०१४ रोजी सशर्त मंजुरी दिली. काही औषधांच्या बाबतीत दोन्ही कंपन्यांचा एकत्रित हिस्सा फार मोठा होत असल्याने ती उत्पादने तिसऱ्याला विकण्याची अट घालण्यात आली आणि पुढे ती पुण्याच्या एम्क्युअर कंपनीने घेतली. अशी अट आयोगाने प्रथमच घातली होती. २०२३ च्या दुरुस्तीने मंजुरीची कमाल मुदत २१० दिवसांवरून १५० दिवसांवर आणली. तसेच भारतात लक्षणीय व्यवसाय असलेल्या कंपनीच्या बाबतीत व्यवहाराचे मूल्य २,००० कोटी रुपयांपेक्षा अधिक असल्यास तो छाननीच्या कक्षेत आणला. मालमत्ता नगण्य पण वापरकर्ते कोट्यवधी अशा तंत्रज्ञान कंपन्या जुन्या निकषांतून निसटत होत्या, हे या बदलामागचे कारण होते.

चौकशीची पद्धत

आयोग स्वतःहून, सरकारच्या संदर्भावरून किंवा कोणत्याही व्यक्तीने दिलेल्या माहितीवरून चौकशी सुरू करू शकतो. 'तक्रार' हा शब्द २००७ च्या दुरुस्तीने जाऊन त्याजागी 'माहिती' हा शब्द आला. माहिती देणाऱ्याचे स्वतःचे नुकसान झालेले असण्याची आवश्यकता नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये स्पष्ट केले. प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास आयोग महासंचालकांना तपासाचा आदेश देतो, अन्यथा प्रकरण बंद करतो. तपासाचा आदेश हा प्रशासकीय स्वरूपाचा असून त्या टप्प्यावर समोरच्या पक्षाला सुनावणीचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने भारतीय पोलाद प्राधिकरणाच्या प्रकरणात ९ सप्टेंबर २०१० रोजी ठरवले. न्यायालयाची परवानगी घेऊन महासंचालक अचानक छापे घालू शकतात. असा पहिला छापा २०१४ मध्ये जेसीबी कंपनीवर पडला.

दोष सिद्ध झाल्यास गैरवर्तन थांबवण्याचा आदेश, कराराच्या अटींत बदल आणि दंड असे उपाय आयोगाकडे आहेत. क्वचित प्रसंगी वर्चस्व असलेल्या उद्योगाचे विभाजन करण्याचाही अधिकार कायद्याने दिला आहे. दंड मागील तीन वर्षांच्या सरासरी उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत असू शकतो. संगनमताच्या बाबतीत तो त्या काळातील प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिपटीपर्यंत किंवा उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत, यांपैकी जे अधिक असेल तितका, करता येतो. संगनमतात सामील असूनही आयोगाला निर्णायक माहिती देणाऱ्या पहिल्या कंपनीचा दंड पूर्णतः माफ होऊ शकतो. गुन्ह्यातील साथीदारालाच फितुरीसाठी बक्षीस देणारी ही तरतूद नैतिकदृष्ट्या विचित्र वाटली, तरी संगनमती गट फोडण्याचे हे जगभर वापरले जाणारे साधन आहे. बिअर उत्पादकांच्या संगनमतात सप्टेंबर २०२१ मध्ये एकूण सुमारे ८७३ कोटी रुपयांचा दंड झाला, मात्र माहिती देणाऱ्या कंपनीला शंभर टक्के सूट मिळाली.

आयोगाच्या निर्णयाविरुद्ध ६० दिवसांत अपील न्यायाधिकरणाकडे आणि तेथून सर्वोच्च न्यायालयाकडे जाता येते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर अपिलासाठी दंडाच्या २५ टक्के रक्कम आधी जमा करावी लागते.

महत्त्वाची प्रकरणे

धान्य साठ्यातील कीड मारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचे प्रकरण हे निविदांतील संगनमताचे अभ्यासकांकडून वारंवार उद्धृत होणारे उदाहरण आहे. भारतीय अन्न महामंडळाने मे २००९ मध्ये मागवलेल्या निविदेत एक्सेल क्रॉप केअर, युनायटेड फॉस्फरस आणि संध्या ऑर्गॅनिक्स या तिन्ही कंपन्यांनी किलोमागे नेमका ३८८ रुपये हाच दर भरला होता. खर्चाची रचना वेगवेगळी असताना दर रुपयासह जुळणे हा योगायोग नाही, असे आयोगाने मानले व २०१२ मध्ये दंड ठोठावला. सर्वोच्च न्यायालयाने ८ मे २०१७ रोजी संगनमताचा निष्कर्ष कायम ठेवला, परंतु दंडाची आकारणी कंपनीच्या एकूण उलाढालीवर न करता केवळ संबंधित उत्पादनाच्या उलाढालीवर करावी, असा दंडक घालून दिला. त्यामुळे दंडाच्या रकमा एकदम खाली आल्या. २०२३ च्या दुरुस्तीने जागतिक उलाढालीचा आधार घेण्याची मुभा देऊन या निकालाचा परिणाम बराच बदलला.

सिमेंट कंपन्यांवर जून २०१२ मध्ये सुमारे ६,३०० कोटी रुपयांचा दंड झाला. उत्पादक संघटनेच्या बैठकांमधून किमतींची व उत्पादनाची माहिती देवाणघेवाण होत होती आणि क्षमता उपलब्ध असूनही उत्पादन रोखले जात होते, असा आयोगाचा निष्कर्ष होता. डिसेंबर २०१५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने हा आदेश रद्द केला. कारण संगनमत झाले नाही असे नव्हते. अंतिम सुनावणीला उपस्थित नसलेल्या अध्यक्षांनी आदेशावर सही केली होती आणि ज्याने ऐकले त्यानेच निर्णय द्यावा, हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व त्यामुळे मोडले गेले. फेरसुनावणीनंतर ऑगस्ट २०१६ मध्ये आयोगाने पुन्हा दंड केला, जुलै २०१८ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एका घराच्या बांधकामखर्चात सिमेंटचा वाटा लक्षात घेतला, तर एका सहीमुळे गेलेल्या या वर्षांची किंमत लहान नाही.

डीएलएफ प्रकरणात गुरुग्राममधील उच्च श्रेणीतील घरे ही बाजारपेठ मानून, सदनिकाधारकांवर एकतर्फी अटी लादल्याबद्दल १२ ऑगस्ट २०११ रोजी ६३० कोटी रुपयांचा दंड करण्यात आला. मजल्यांची संख्या परस्पर वाढवणे आणि ताबा देण्यास विलंब हे ग्राहकांचे मुख्य आक्षेप होते. ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड झाला. सुटे भाग व दोष शोधण्याची उपकरणे खुल्या बाजारात न मिळू देऊन त्यांनी स्वतंत्र गॅरेजवाल्यांना स्पर्धेबाहेर ठेवले होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाला ५२.२४ कोटी रुपयांचा दंड झाला. प्रसारण हक्कांच्या करारात प्रतिस्पर्धी व्यावसायिक ट्वेंटी-२० स्पर्धेला मान्यता न देण्याची हमी मंडळाने दिली होती. नियम करणारी संस्था आणि व्यवसाय करणारी संस्था एकच असली की काय घडते, याचे ते उदाहरण मानले गेले. अपिलात हा आदेश रद्द झाल्यावर आयोगाने नोव्हेंबर २०१७ मध्ये तोच दंड पुन्हा लावला.

महाराष्ट्र आणि गोव्याशी संबंधित प्रकरणे

कोल इंडियाविरुद्धच्या खटल्याची माहिती देणाऱ्यांत महाराष्ट्र राज्य वीजनिर्मिती कंपनी (महानिर्मिती) होती. कोळसा पुरवठ्याच्या करारातील अटी व प्रतवारीची पद्धत एकतर्फी असल्याचा तिचा आरोप होता. डिसेंबर २०१३ मध्ये आयोगाने १,७७३.०५ कोटी रुपयांचा दंड केला. फेरसुनावणीनंतर मार्च २०१७ मध्ये तो ५९१.०१ कोटींवर आला. राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याने निर्माण झालेली आणि सार्वजनिक हितासाठी चालणारी मक्तेदारी स्पर्धा कायद्याच्या कक्षेत येत नाही, हा कोल इंडियाचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १५ जून २०२३ रोजी फेटाळला. सरकारी मालकी ही सूट नव्हे, हे त्यातून प्रस्थापित झाले.

पुणे महानगरपालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या २०१४-१५ मधील निविदांबाबत 'नागरिक चेतना मंच' या संस्थेने आयोगाकडे माहिती दाखल केली. ठरलेल्या कंपनीला काम मिळावे म्हणून इतरांनी केवळ संख्या भरण्यासाठी डमी निविदा भरल्याचे २०१८ च्या आदेशात सिद्ध झाले. संबंधित कंपन्यांनी सवलतीच्या तरतुदीखाली स्वतः कबुली दिल्याने त्यांचा दंड कमी झाला.

औषध विक्रेत्यांच्या संघटनांविरुद्धची प्रकरणे संख्येने बरीच आहेत. संघटनेचे 'ना हरकत प्रमाणपत्र' असल्याशिवाय कंपनीने नवा स्टॉकिस्ट नेमू नये आणि शुल्क भरल्याशिवाय नवे औषध बाजारात आणू नये, अशी प्रथा अनेक राज्यांत रूढ होती. गोव्यातील वार्का येथील औषध व्यावसायिकांच्या माहितीवरून गोवा केमिस्ट संघटनेविरुद्ध २०१२ मध्ये आदेश झाला आणि मुंबईस्थित अखिल भारतीय संघटनेला २०१३ मध्ये दंड झाला.

मारुती सुझुकीवर ऑगस्ट २०२१ मध्ये २०० कोटी रुपयांचा दंड झाला. महाराष्ट्र व गोव्यासह पश्चिम विभागातील धोरणाबाबत एका विक्रेत्याच्या निनावी ई-मेलवरून ही चौकशी सुरू झाली होती. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक सूट देणाऱ्या विक्रेत्यांना पकडण्यासाठी कंपनी ग्राहकाच्या वेशात माणसे पाठवत असे आणि सापडलेल्यांना दंड करत असे. मुंबईतील राष्ट्रीय शेअर बाजाराला २०११ मध्ये ५५.५ कोटी रुपयांचा दंड झाला. चलन वायदे व्यवहारांवरील शुल्क शून्य ठेवून त्याने नव्या प्रतिस्पर्ध्याला तग धरू दिला नाही, असा निष्कर्ष होता. फुकट सेवा ग्राहकाला घातक कशी, या प्रश्नाचे उत्तर हे प्रकरण देते: प्रतिस्पर्धी नाहीसा झाल्यावर शुल्क शून्य राहण्याचे काही कारण उरत नाही.

खटल्यांव्यतिरिक्त आयोगाने कांद्याच्या बाजारपेठांचा अभ्यासही करवून घेतला. बंगळुरू येथील सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्थेने २०१२ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील बाजार समित्या पाहून हा अहवाल दिला. मोजक्या मोठ्या व्यापाऱ्यांच्या हाती लिलाव एकवटणे आणि नव्या व्यापाऱ्यांना प्रवेश अवघड असणे या बाबी त्यात पुढे आल्या.

डिजिटल बाजारपेठा

गूगलवर आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये शोध निकालांतील पक्षपाताबद्दल १३५.८६ कोटी रुपये दंड केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका आठवड्याच्या आत दोन आदेश आले: अँड्रॉइड भ्रमणध्वनींवर स्वतःची ॲप्स आधीपासून घालण्याची सक्ती केल्याबद्दल १,३३७.७६ कोटी, आणि प्ले स्टोअरवर स्वतःचीच देयक प्रणाली वापरण्याच्या सक्तीबद्दल ९३६.४४ कोटी. पहिल्या आदेशातील दंड मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने कायम ठेवला, पण दहापैकी चार निर्देश रद्द केले. दुसरा दंड २०२५ मध्ये २१६.६९ कोटींपर्यंत घटवण्यात आला. व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या गोपनीयता धोरणाबद्दल मेटा कंपनीला नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३.१४ कोटी रुपयांचा दंड झाला. 'स्वीकारा किंवा सोडा' अशी अट पैशाऐवजी माहितीच्या स्वरूपात घेतलेली अवाजवी किंमत ठरू शकते, हा त्यातील विचार नवा होता.

गैरवर्तन झाल्यावर वर्षानुवर्षे चौकशी करण्यापेक्षा मोठ्या मंचांना आधीच बंधने घालावीत, अशी शिफारस संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२२ मध्ये केली. मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला. उद्योगजगतातून, विशेषतः नवउद्योगांकडून, त्यावर परस्परविरोधी प्रतिक्रिया आल्या.

टीका

आयोगाने ठोठावलेल्या दंडाचा मोठा भाग अपिलांमध्ये अडकून पडतो, ही सर्वांत जुनी टीका आहे. अनेक आदेश गुणवत्तेवर नव्हे तर प्रक्रियेतील त्रुटींमुळे रद्द झाले आहेत. इतर नियामकांशी अधिकारक्षेत्राचा वादही सुटलेला नाही. दूरसंचार क्षेत्रातील तांत्रिक प्रश्न आधी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ठरवावेत आणि त्यानंतरच आयोगाने चौकशी करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये सांगितले. मधल्या काळात आयोगावर स्पर्धेशी थेट संबंध नसलेले कामही आले. वस्तू व सेवा करातील कपातीचा लाभ ग्राहकाला न देणाऱ्यांविरुद्धची प्रकरणे डिसेंबर २०२२ पासून त्याच्याकडे होती आणि ऑक्टोबर २०२४ पासून ती वस्तू व सेवा कर अपील न्यायाधिकरणाकडे गेली.

दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जमा होते, नुकसान सोसलेल्या ग्राहकाला मिळत नाही. त्याने अपील न्यायाधिकरणाकडे स्वतंत्रपणे भरपाई मागण्याची सोय कायद्यात आहे, परंतु तिचा वापर फारच थोड्यांनी केला आहे.